भीमथडी शिंगरांची जोपासना व स्वारीचे सौम्य शिक्षण

भीमा नदीच्या दोन्ही थड्यांवरील मुलखास भीमथडी म्हणतात. पुणे जिल्ह्यात पूर्वी या नावाचा तालुकाच होता. याच मुलखातील काटक, ठेंगण्या व थोड्या चाऱ्यावर राबणाऱ्या तट्टांच्या बळावर मराठी फौजांनी लांबलांबचे पल्ले मारले. महाराष्ट्राने २०२३ साली स्वीकारलेल्या राज्यगीतातही या तट्टांचा उल्लेख आहे. आज पुणे, सातारा, सोलापूर व अहिल्यानगर या जिल्ह्यांतील मेंढपाळ कुटुंबांनीच ही जात मुख्यतः जतन केलेली आहे. वाडा हलला की भांडीकुंडी, जाळी, कोकरे, कोंबड्या आणि कधी कधी घरातील धाकटे मूल, असा सारा संसार याच घोड्यांच्या पाठीवरून पुढे जातो. कर्नाल येथील राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोनेही आता भीमथडीची स्वतंत्र जात म्हणून नोंद केली आहे.

नोंद झाली म्हणजे जात टिकली, असे मात्र नव्हे. २०१२ च्या पशुगणनेत देशात घोडे व तट्टे मिळून सुमारे सव्वासहा लाख होती. २०१९ च्या विसाव्या पशुगणनेत ती सुमारे ३ लाख ४० हजारांवर आली. जे जनावर इतक्या वेगाने कमी होत आहे, त्याचे एकेक शिंगरू मोलाचे आहे. असे असूनही पुष्कळ शिंगरे रोगाने वा उपासमारीने नव्हे, तर माणसाच्या घाईने निकामी होतात. ही घाई कशी टाळावी, हे सांगणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू होय.

पहिला दिवस

घोडी सुमारे अकरा महिन्यांनी विते. व्याल्यानंतर एक, दोन व तीन हे आकडे ध्यानात ठेवावेत. एक तासाच्या आत शिंगरू उभे राहिले पाहिजे, दोन तासांच्या आत ते आईला लुचले पाहिजे, आणि तीन तासांच्या आत घोडीचा वार पडला पाहिजे. यांपैकी एकही गोष्ट वेळेत झाली नाही, तर वाट न पाहता पशुवैद्यकास बोलवावे. अडकलेला वार ओढून काढण्याचा प्रयत्न कदापि करू नये.

पहिल्या चिकाचे महत्त्व शेतकरी वासरांवरून जाणतातच. शिंगराच्या रक्तात जन्मतः रोगप्रतिकारक द्रव्ये जवळजवळ नसतात. ती चिकातूनच यावी लागतात, आणि एका दिवसानंतर शिंगराचे आतडे ती शोषून घेऊ शकत नाही. यास्तव पहिल्या सहा ते बारा तासांत चीक पोटात गेलाच पाहिजे. नाळेच्या टोकास पशुवैद्यकाने दिलेले आयोडीनचे सौम्य द्रावण लावावे. त्या जागी शेण, माती वा राख लावू नये. घोड्याच्या जातीस धनुर्वाताचा धोका इतर जनावरांहून फार मोठा असतो व नाळेची ओली जखम हे त्याचे उघडे दार असते. घोडीस विण्याच्या महिना-दीड महिना आधी धनुर्वाताची लस टोचून घेतल्यास चिकाद्वारे शिंगरासही संरक्षण मिळते.

पोरके शिंगरू

नोकरीच्या पहिल्या वर्षी माझ्या कार्यक्षेत्रातील एका मेंढपाळ कुटुंबाची घोडी व्याल्यानंतर पाचव्या दिवशी पोटशुळाने मेली. मागे एक मादी शिंगरू उरले. मी कृषि पदवीधर. गाईम्हशींविषयी थोडे शिकलेला, पण घोड्यांविषयी जवळजवळ काहीच नाही. तरीही विचारले गेले म्हणून मी सल्ला दिला, की गाईच्या दुधात साखर विरघळवून पाजा. दोन दिवसांत शिंगरास हगवण लागली व ते उठेनासे झाले. पशुवैद्यकांनी येऊन शिरेवाटे द्रव दिले तेव्हा ते वाचले. चूक माझी होती, आणि ती येथे मुद्दाम नमूद करीत आहे.

घोडीचे दूध गाईच्या दुधाहून पातळ असते. त्यात स्निग्धांश कमी व दुग्धशर्करा अधिक असते. म्हणून दुधात काही गोड घालण्याची कल्पना मुळात चुकीची नाही. परंतु लहान शिंगरास घरातील साखर पचत नाही. त्याऐवजी डेक्स्ट्रोज, म्हणजेच औषधी दुकानात मिळणारे साधे ग्लुकोज, वापरावे लागते. साय काढलेल्या एक लिटर गाईच्या दुधात सुमारे २० ग्रॅम ग्लुकोज घालावे. म्हशीचे दूध फार स्निग्ध असल्याने तसेच पाजू नये.

त्या वेळी घरातील आजीने मला विचारले होते, “साहेब, शेळीचं पाजून बघू का?” पशुवैद्यकांनी त्यास होकार दिला. शेळीचे दूध शिंगरे आवडीने पितात. त्या घरी शेळीला दगडी ओट्यावर उभे करीत व शिंगरू खाली उभे राहून लुचत असे. नजीकच शिंगरू गमावलेली शांत घोडी मिळाल्यास तो सर्वांत उत्तम उपाय होय. मात्र ती शिंगरास स्वीकारीपर्यंत दोघांना क्षणभरही एकटे सोडू नये.

निरोगी शिंगरू आपल्या वजनाच्या पाचव्या ते चौथ्या हिश्शाइतके दूध दिवसाला पिते. २० किलोग्रॅमच्या शिंगरास या हिशेबाने ४ ते ५ लिटर दूध लागते. हाताने पाजताना पहिल्या दिवशी याच्या निम्म्याने सुरुवात करावी व हळूहळू प्रमाण वाढवावे. पहिला आठवडाभर दर एक-दोन तासांनी, रात्रीसुद्धा, थोडे थोडे पाजावे. भांडी दर वेळी उकळत्या पाण्याने धुवावीत. शिंगरास आडवे पाडून वा मान वर ओढून दूध ओतू नये, कारण ते फुप्फुसात जाते.

पोरक्या शिंगरास दुधाइतकीच दुसऱ्या घोड्यांच्या सहवासाची गरज असते. केवळ माणसांत वाढलेले शिंगरू माणसास आपल्यासारखेच समजू लागते. लहान असता ते ढुशी देते, अंगावर पाय टाकते, तेव्हा मुले हसतात. तेच जनावर २०० किलोग्रॅमचे झाले म्हणजे हसण्याचे कारण उरत नाही. म्हणून ते दूध हाताने पिवो वा शेळीचे, त्याने दिवस घोड्यांतच काढला पाहिजे.

आहार

दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून शिंगरू गवत तोंडात घोळवू लागते. त्यास मारवेलसारखे चांगले गवत, थोडा लसूणघास व दुसऱ्या महिन्यापासून मूठभर भरड द्यावी. आई चरावयास गेली तरी पाणी व मीठ नेहमी जवळ असावे. पाच-सहा महिन्यांनी शिंगरू तोडावे. परंतु एका दिवसात दूर न नेता, शेजारी कुंपणापलीकडे ठेवून आठवडाभरात तोडावे. तोडल्यानंतरचे सहा महिने वाढीचे असतात. या काळात भिजवलेला हरभरा, गव्हाचा कोंडा व खनिज मिश्रण बेताने द्यावे. चंदी एकदम वाढविल्यास पोटशूळ होतो, कारण घोड्यास उलटी करता येत नाही व पोटात गेलेले अपायकारक खाद्य बाहेर टाकण्याचा मार्गच त्याच्याजवळ नसतो.

तीन गोष्टी घोड्यापासून कटाक्षाने दूर ठेवाव्यात. पहिली, एरंडीची पेंड. ती विषारी आहे. दुसरी, कोंबड्यांचे तयार खाद्य. त्यात रोगप्रतिबंधासाठी घातलेली मोनेन्सिनसारखी औषधे घोड्यास प्राणघातक ठरतात. तिसरी, ज्वारीचा कोवळा, पाण्याचा ताण बसलेला चारा. गाईबैलांच्या गव्हाणीत जे चालते ते घोड्याच्या तोबऱ्यात चालेलच, असे समजू नये. जंतांचे औषध दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यापासून पशुवैद्यकाच्या सल्ल्याने सुरू करावे.

हाताची सवय

शिक्षणाचा आरंभ खोगिराने होत नाही, हाताच्या स्पर्शाने होतो. घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंस असतात. त्यामुळे त्यास बहुतेक चोहीकडचे दिसते. पण कपाळाच्या अगदी पुढचे व शेपटीच्या मागचे दिसत नाही. म्हणून जवळ जाताना तोंडासमोरून वा मागून न जाता, खांद्याच्या रोखाने, बोलत बोलत जावे. आयाळ जेथे संपते त्या उंचवट्यावर बोटांनी खाजवावे. घोडे एकमेकांस नेमके तेथेच खाजवितात व त्यामुळे ते शांत होतात. हातावर गूळ वा भाकरी चारण्याची सवय लावू नये. तीमुळे चावण्याची खोड लागते.

पहिल्या महिन्यातच शिंगराच्या सर्वांगावरून, पोटाखालून व पायांवरून हात फिरवावा. पाय क्षणभर उचलावा आणि ते ओढण्यापूर्वीच खाली ठेवावा. दररोज पाच मिनिटे पुरेत. मऊ सुताची म्होरकी घालावी, परंतु एकटे असताना ती अंगावर ठेवू नये; खुंटात अडकून मान मोडते. चालविताना शिंगरास गळ्याच्या दोराने ओढू नये. त्याची मान कोवळी असते व झटक्याने कायमची दुखावते. एक दोर ढुंगणाभोवतून घेऊन त्याचा हलका दाब द्यावा व म्होरकीचा हात फक्त दिशा दाखविण्यास वापरावा.

येथेच साऱ्या शिक्षणाचे मूळ तत्त्व सांगणे इष्ट होईल. घोडा दाबाने शिकत नाही, दाब सुटल्याने शिकतो. शिंगराने एक पाऊल पुढे टाकले की त्याच क्षणी दोर सैल झाला पाहिजे. तो सैल होणे हेच त्याचे बक्षीस. पाऊल टाकूनही दोर ताणलेलाच राहिला, तर पाऊल टाकण्यात काही अर्थ नाही असे ते शिकते, व पुढे त्याच जनावरास आपण हट्टी म्हणतो. तद्वत, ते ओढ घेत असताना आपण कंटाळून दोर सोडला, तर ओढ घेण्याचाच धडा आपण त्यास दिला असे होते.

एक ते तीन वर्षे

या दोन वर्षांत पाठीवर काहीही ठेवावयाचे नाही. तथापि शिकविण्यासारखे पुष्कळ असते. दोराने शेजारी चालणे, शब्दासरशी थांबणे, मागे सरणे, खरारा करून घेणे, चारही खूर साफ करू देणे, ओढा ओलांडणे, मोटारीचा कर्णा, कुत्री, फडफडणारे प्लॅस्टिक व देवळाची घंटा यांना न बिचकणे, हे सर्व याच वयात शिकवावे. भीतीची वस्तू दुरून दाखवावी, शिंगरू स्थिर झाले की तिच्यापासून दूर न्यावे व पुन्हा थोडे जवळ आणावे. बांधण्याचा धडा ते दोराने नीट चालू लागल्यावरच द्यावा आणि गाठ नेहमी एका ओढीसरशी सुटणारी असावी. दर सहा ते आठ आठवड्यांनी खूर नालबंदाकडून बरोबर करून घ्यावेत. वाकडा वाढलेला खूर वाढत्या पायास वाकडे वळण लावतो. नर शिंगरू वळूसाठी ठेवावयाचे नसल्यास त्याचे खच्चीकरण पशुवैद्यकाकडूनच करून घ्यावे.

बसावयाचे केव्हा?

बाजारात असे सांगतात, की खालचे दोन दुधाचे दात पडून पक्के आले की तट्टू स्वारीस झाले. हे दात अडीच वर्षांच्या सुमारास बदलतात. गोऱ्हा याच वयात औताला धरतात, म्हणून शेतकऱ्यास हा हिशेब पटतो. परंतु बैल खांद्याने ओढतो आणि घोडा पाठीवर वाहतो, हा भेद विसरता कामा नये. घोड्याच्या पुढील पायांत गुडघ्याच्या वरच्या हाडाची वाढ अडीच वर्षांच्या सुमारास पुरी होते. पाठीच्या मणक्यांची वाढ मात्र पाच ते सहा वर्षांपर्यंत चालू राहते. ज्या अवयवावर आपण बसतो, तोच सर्वांत शेवटी पक्का होतो. म्हणून साडेतीन वर्षांपूर्वी बसूच नये. चौथे वर्ष केवळ हलक्या, थोड्या वेळाच्या स्वारीचे समजावे व पुरे काम पाच वर्षांनंतर घ्यावे.

भार किती असावा हेही मोजूनच ठरवावे. छातीचा घेर व खांद्याच्या टोकापासून ढुंगणाच्या टोकापर्यंतची लांबी सेंटिमीटरमध्ये घ्यावी. घेरास घेराने गुणून त्यास लांबीने गुणावे व ११,८८० ने भागावे. वजन किलोग्रॅममध्ये येते. घेर १४५ व लांबी १३८ असल्यास वजन सुमारे २४४ किलोग्रॅम भरते. स्वार व खोगीर मिळून या वजनाचा पाचवा हिस्सा, म्हणजे सुमारे ४९ किलोग्रॅम, ही पूर्ण वाढ झालेल्या घोड्याची कमाल मर्यादा होय. खोगीर ६ किलोग्रॅमचे धरल्यास स्वार ४३ किलोग्रॅमचा हवा. ७० किलोग्रॅमच्या गृहस्थाने अशा तट्टावर बसणे योग्य नव्हे. भारवाहू जनावरांविषयीच्या १९६५ च्या केंद्रीय नियमांत तट्टाच्या पाठीवरील ओझ्यास ७० किलोग्रॅमची मर्यादा आहे. ती सक्षम, वाढ पुरी झालेल्या जनावरासाठी कायद्याने घातलेली शेवटची सीमा आहे. शिकाऊ जनावराचे ते माप नव्हे. त्याच नियमांनी काटेरी लगाम व टोचणाऱ्या सरंजामास बंदी केलेली आहे.

स्वारीच्या पायऱ्या

तीन वर्षे पुरी झाल्यावर पुढील क्रमाने जावे. एक पायरी पक्की झाल्यावाचून दुसरी घेऊ नये. धडा १५ मिनिटांहून लांबवू नये व जनावर शांत असतानाच तो संपवावा.

(१) घडी केलेली घोंगडी हुंगू द्यावी, अंगावरून फिरवावी, पाठीवर ठेवावी व काढावी.

(२) हलके खोगीर ठेवावे. तंग प्रथम सैलच असावा. चार पावले चालवून एक एक भोक आवळावा. एकदम आवळलेला तंग हे उसळण्याचे मोठे कारण असते.

(३) पशुवैद्यकाकडून दात तपासून घेऊन गुळगुळीत कडीचा लगाम तोंडात द्यावा. थंडीत कडी हाताने कोमट करावी. पहिले काही दिवस लगामास दोर लावू नये.

(४) लांब बागदोरावर कावा द्यावा. परंतु मोठ्या वर्तुळात, चालीने व थोड्या दुडकीनेच, दोन्ही बाजूंना सारखा. लहान वर्तुळात दौडविल्याने सांधे बिघडतात.

(५) दोन लांब दोरांनी मागून, सुरक्षित अंतरावरून चालत हाकावे. वळणे व थांबणे जनावर येथेच शिकते. यास एक-दोन महिने लागले तरी चालेल.

(६) पहिली स्वारी अनुभवी व हलक्या अंगाच्या माणसाने करावी, मुलाने नव्हे. प्रथम पोट टेकून आडवे पडावे व उतरावे. मग बसावे, दुसऱ्याने म्होरकी धरून चार पावले चालवावे व उतरावे. पाच मिनिटे पुष्कळ झाली. पाठ न आपटता अलगद बसावे. डोक्यास शिरस्त्राण असावे.

कान मागे पाडणे, शेपूट झटकणे, तंग आवळताना चावावयास येणे, ही दुखण्याची भाषा असते. खोगिराखालचे केस पुसटलेले वा पांढरे झालेले दिसल्यास खोगीर चुकीचे आहे असे समजावे. मारल्याने हे दुखणे जात नाही. तेवढे लपते, व एके दिवशी लाथेने बाहेर येते.

ग्रामस्तरीय कार्यकर्त्यांसाठी

सारंगखेडा वा माळेगाव यांसारख्या यात्रांतून शिंगरू आणले गेल्यास ते दोन-तीन आठवडे इतर घोड्यांपासून वेगळे ठेवण्यास सांगावे. नाकातून चिकट स्राव येणे वा कातडीवर गाठी फुटणे ही ग्लँडर्सची लक्षणे असू शकतात. हा रोग माणसासही होतो. संशय येताच पशुवैद्यकीय दवाखान्यास कळवावे. मेंढपाळांचे वाडे पावसाळा संपताच हलतात, म्हणून लसी व जंतनाशक औषधे यांचे काम त्यांच्या मुक्कामाच्या दिवसांतच उरकावे. गावातील प्रत्येक शिंगराची जन्मतारीख एका वहीत नोंदवावी. तारीख लिहिलेली असली म्हणजे दोन वर्षांचे जनावर चार वर्षांचे म्हणून खपत नाही.

त्या पोरक्या शिंगराविषयी थोडे सांगून हा पाठ संपवितो. दुसऱ्या वर्षी त्यास एका गिऱ्हाइकाने चांगली किंमत देऊ केली होती. लगेच स्वारीस लावावयाचे म्हणून त्यांना ते हवे होते. वर्ष अवर्षणाचे होते व घरात पैशाची निकड होती. मी वजनाचा व मणक्यांचा हिशेब मांडून दाखविला, पण शब्द आजीनेच टाकला, “बकरीच्या दुधावर जगलीया, आता उपाशी ठेवायची नाही आन् मोडायची बी नाही.” घोडी विकली गेली नाही. त्या वर्षी त्यांनी चार मेंढ्या विकल्या.

पाचव्या वर्षी वाडा कोकणाकडे निघाला तेव्हा मी रस्त्यावर उभा होतो. घोडीच्या पाठीवर घोंगड्यांच्या घडीत घरातील धाकटा मुलगा बसलेला होता. समोरून कर्णा वाजवीत एसटीची गाडी आली. घोडीने कान टवकारले, दोर धरणाऱ्याच्या खांद्याकडे मान वळविली आणि ती जागच्या जागी उभी राहिली. गाडी निघून गेल्यावर दोर सैल झाला, आणि ती पुन्हा चालू लागली.